मागताना एस, मिळाल्यावर सी

"मागताना एस, मिळाल्यावर सी," असं म्हणून अप्पा टाइपरायटरवरचं बोट क्षणभर हवेत धरत आणि समोरच्याला कळलं की नाही हे न पाहता खाली आणत. समोरचा माणूस बहुधा औशाकडचा नाहीतर निलंग्याकडचा शेतकरी असे. त्याला एसही माहीत नसे आणि सीही. तो मान डोलावून म्हणे, "हाव अप्पा."

इंग्रजीत सल्ला मागायचा शब्द 'ॲडव्हाइज' आणि मिळालेल्या सल्ल्याचा शब्द 'ॲडव्हाइस' यांत एकाच अक्षराचा फरक आहे, पहिल्यात एस, दुसऱ्यात सी. व्याकरणाच्या पुस्तकात तो जरा वेगळ्या रीतीनं सांगितलेला असतो, पण अप्पांनी त्याचा असा सोपा नियम करून ठेवला होता. त्यांच्या टाइपरायटरवर एसचं अक्षर पार पुसून गेलं होतं. सीचं मात्र काल रंगवल्यासारखं होतं. ते दाखवून ते म्हणत, "बघा, लोक मागतात किती आन् आभार मानतात किती." इंग्रजीत एस हे अक्षर एरवीही जास्तच लागतं हे मला ठाऊक होतं. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही.

तेव्हा लातूर जिल्हा नवा झाला होता. झाला होता खरा, पण अजून खोक्यांतून निघाला नव्हता. कार्यालयं भाड्याच्या इमारतींत होती, पाट्या ओल्या रंगाच्या होत्या, आणि कोणता कागद जुन्या जिल्ह्यात राहिला नि कोणता आपल्याकडं आला, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. त्यातल्या एका कार्यालयात मी तात्पुरती कारकून म्हणून लागले. कोणत्या ते सांगत नाही, तिथली माणसं अजून पेन्शन घेताहेत, आणि मीही त्यातलीच. बिलोलीहून आलेली मी, वय बावीस, आणि टेबल मिळालं आवक बारनिशीचं. बारनिशी म्हणजे आलेल्या कागदांची नोंदवही. कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, आत पाठवायचा. माझ्या नेमणुकीचा आदेश दर तीन महिन्यांनी वाढवून यायचा. तो वाढेल का, ही चिंता तिसरा महिना लागला की मला जेवू देत नसे, कारण घरी दोन भावांचं शिक्षण त्यावर चाललं होतं.

अप्पा आमच्या आवारात चिंचेखाली बसत. अर्जनवीस होते, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पांढरी टोपी, आणि समोर पत्र्याच्या पेटीवर टाइपरायटर. मूळचे उदगीरचे. घरी आडत होती, ती भावांनी सांभाळली आणि ह्यांनी इंग्रजी. शाळा निजामाच्या काळातली, म्हणजे उर्दूत झालेली. त्यामुळं मराठी ते बोलत फर्डं, लिहीत मात्र चाचपडत, आणि इंग्रजी लिहीत ते उर्दूच्या अदबीनं. त्यांच्याकडं पत्रं कशी लिहावीत हे शिकवणारं एक जुनं पुस्तक होतं. त्याचं मुखपृष्ठ गेलेलं, पहिली बारा पानं गेलेली. तेरावं पान सल्ला मागण्याच्या विनम्र वाक्यांचं होतं. माझी समजूत अशी की अप्पांची सगळी वृत्ती त्या तेराव्या पानापासून सुरू झाली असावी.

"अप्पा, मराठीत का नाही लिहीत अर्ज?" मी एकदा विचारलं.

"बाई, मराठीत लिहिला की तुमच्यातलाच कुनीतरी वाचतो आन् तिथंच निकाल लावतो. इंग्रजीत लिहिला की त्याला कुनी हात लावत न्हाई. सीधा सायबाकडं जातो."

हे अगदी खरं होतं. आमचे साहेब दक्षिणेकडचे होते, तरुण होते, मराठी शिकून राहिले होते. इंग्रजी कागद आला की आम्ही तो नमस्कार केल्यासारखा दोन हातांनी आत पाठवत असू.

अप्पांचं दुसरं तत्त्व, हुकूम मागायचा नाही. एकदा एक गडी तावातावानं आला. त्याच्या शेताच्या मोजणीचा कागद सापडत नव्हता. म्हणाला, "लिहा, आठ दिवसांत कागद द्या, न्हाईतर उपोषणाला बसतो." अप्पांनी लिहिलं, 'काइंडली ॲडव्हाइज', म्हणजे अशा परिस्थितीत अर्जदारानं काय करावं, याबद्दल साहेबांनी कृपा करून सल्ला द्यावा.

"उपोषनाचं लिवलं का?" त्यानं विचारलं.

"लिवलं. त्यालाच इंग्रजीत सल्ला म्हनतात."

तो गेल्यावर ते मला म्हणाले, "हुकूम मागितला की सायेब न्हाई म्हनतो. पैसा मागितला की वर बोट दाखवतो. सल्ला मागितला की त्याला वाटतं, आपल्याला लई अक्कल हाय. मग माणूस बसवून घेतो, चहा सांगतो."

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, पण ती मागण्यापाशी थांबतात. अप्पा थांबत नसत. सल्ला मिळाला की आभाराचं पत्र गेलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ते पत्र ते फुकट टाइप करत. मोजणीच्या त्या गड्याला आतून उत्तर आलं की कागद सापडत नाही, इलाज नाही. अप्पांनी त्याला धरून बसवलं आणि आभाराचं पत्र केलं.

"कशाचे आभार वो? न्हाई म्हनले की."

"न्हाई म्हनले हा सल्लाच हाय. बिनकामाचा हाय, पर हाय."

साहेबांना त्या कार्यालयात आलेलं ते पहिलं आभाराचं पत्र. त्यांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. काम झालं नाही.

आभाराच्या पत्रात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. उर्दूत म्हणतात, आपका मशवरा सर आँखों पर. म्हणजे आपला सल्ला शिरसावंद्य. अप्पांनी त्याचं इंग्रजी केलं होतं, 'युअर ॲडव्हाइस इज ऑन माय हेड अँड आइज.' चाकूरकडच्या एका म्हाताऱ्याच्या पत्रात हे वाक्य वाचून साहेब विचारात पडले. त्यांनी समासात शेरा मारला, अर्जदाराला डोक्याचा व डोळ्यांचा त्रास दिसतो, सरकारी दवाखान्यात पाठवावे. कागद फिरत फिरत दवाखान्यात गेला. म्हाताऱ्याला बोलावणं आलं, तपासणी झाली, आणि त्याला खरोखरच मोतीबिंदू निघाला. महिन्याभरानं तो जाड काचांचा चष्मा लावून अप्पांना भेटायला आला. अप्पांनी लगेच कागद चढवला. म्हणाले, "बस. दवाखान्याला आभाराचं पत्र लागतं आता."

हसू यायचं मला. तेव्हा मला असं वाटे की हा एक निरुपद्रवी, जुन्या वळणाचा, थोडा विनोदी माणूस आहे. माणसाची किंमत करायची घाई बाविसाव्या वर्षी फार असते.

मग शेवंताबाईचं प्रकरण झालं.

त्या वर्षी पाऊस नव्हता, आदल्या वर्षीही यथातथाच होता. शेवंताबाईचं गाव अगदी हद्दीवरचं. जुन्या जिल्ह्यातून तिथं टँकर यायचा. जिल्हा वेगळा झाला तशी तिकडची मंडळी म्हणाली, तुम्ही आता लातूरचे, आणि टँकर बंद केला. आमच्याकडं विचारलं तर यादीत गावाचं नावच नव्हतं, कारण त्या गावाचे कागद अजून आले नव्हते. गावाची एकच विहीर राहिली होती आणि तिच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरावं लागत होतं. शेवंताबाईची सून सहा महिन्यांची गरोदर, तीच उतरायची, कारण घरात दुसरं उतरणारं कुणी नव्हतं. सासूचे गुडघे गेलेले, मुलगा ऊसतोडीला गेलेला.

लातुरात बहीण राहायची म्हणून गावानं शेवंताबाईला पाठवलं. ती चिंचेखाली बसून सांगत होती आणि अप्पा ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी एस-सीचं काही सांगितलं नाही. बराच वेळ बोट हवेत धरून ठेवलं, आणि मग जे वाक्य टाइप केलं ते मला अजून पाठ आहे. 'काइंडली ॲडव्हाइज अस इन विच डिस्ट्रिक्ट वुई आर थर्स्टी.' आम्ही कोणत्या जिल्ह्यात तहानलेले आहोत, याबद्दल कृपया सल्ला द्यावा.

शेवंताबाईला परत परत येणं जमणार नव्हतं. म्हणून अप्पांनी आभाराचं पत्रही त्याच बैठकीत करून दिलं. दोन वेगळे कागद. "ह्यो आज द्यायचा," त्यांनी बजावलं, "आन् ह्यो टँकर आल्यावर. आधी न्हाई. कळलं का?"

"कळलं की," शेवंताबाई म्हणाली.

तिनं दोन्ही कागद माझ्या टेबलावर ठेवले. कोणता आजचा हे तिला आठवेना. दोन्ही इंग्रजी, दोन्हीवर तिचाच अंगठा. ती म्हणाली, "बाई, तुमीच बगा, ह्यातला एक आजचा हाय." माझ्यापुढं त्या दिवशी कागदांचा ढीग होता आणि तिसरा महिना चालू होता. मी बघितलं नाही. वरचा कागद वर, खालचा खाली, एक टाचणी मारली, एक नंबर टाकला आणि आत पाठवून दिले. वर आभाराचा होता.

साहेबांनी वरचा वाचला. प्रसन्न झाले असणार. शेरा मारला, 'सल्ला मिळाला, आभार पोचले. दप्तरी दाखल.' दप्तरी दाखल म्हणजे कागद गाठोड्यात गेला. गाठोड्यात गेलेला कागद आणि नदीत गेलेली अंगठी यांत फारसा फरक नसतो.

शेवंताबाई दर सोमवारी यायची. "काय झालं वो बाई?" मी न पाहताच म्हणायची, "कार्यवाही चालू आहे." हे वाक्य आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. तीन सोमवार असे गेले. चौथ्या सोमवारी ती आली ती चिंचेखालीच बसली, माझ्याकडं आलीच नाही. सून विहिरीत घसरली होती. हात मोडला होता. पोटातलं बाळ वाचलं होतं, असं दवाखान्यातले म्हणत होते.

अप्पा उठून माझ्या टेबलापाशी आले. आधी कधी ते आत येत नसत. "बाई, जरा बारनिशी बघता का?"

मी बघितली. शेरा वाचला. गाठोडं सोडलं, टाचणी काढली आणि खालचा कागद पहिल्यांदा वाचला. अप्पांना बाहेर नेऊन मी सगळं सांगितलं, रडत रडतच सांगितलं. "चूक माझी आहे अप्पा. आता मी काय करू?"

आयुष्यात इतक्या कळकळीनं मी कुणाला सल्ला मागितला नव्हता. त्यात काइंडली वगैरे काही नव्हतं.

अप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "बाई, तुम्ही कागद वाचून राहिलात का नुसते नंबर टाकून राहिलात?" एवढंच जरा कडक बोलले. मग म्हणाले, "हितून पुढं नंबर टाकायच्या आधी कागद पुरा वाचत जा. आन् आता आत आल्यावर तोंड उघडू नका. चला, बारनिशी घ्या."

साहेबांपुढं अप्पा उभे, त्यांच्यामागं शेवंताबाई, आणि बाजूला बारनिशी छातीशी धरून मी. साहेबांनी दोन्ही कागद वाचले. त्यांचा चेहरा उतरत गेला. ते वाईट नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी तिथल्या तिथं टँकरचा आदेश लिहिला, यादीची वाट पाहिली नाही. मग इंग्रजीत विचारलं, न दिलेल्या सल्ल्याचे आभार कुणी मानले, आणि हे दोन कागद एका टाचणीत कुणी लावले?

"आय डिड, सर," अप्पा म्हणाले. "बोथ पेपर्स, वन पिन. माय मिस्टेक."

शेवंताबाईला इंग्रजी कळत नव्हतं. मला कळत होतं. मी तोंड उघडलं नाही. त्यांनी सांगितलं होतं म्हणून गप्प बसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या नावानं आदेश निघाला. कार्यालयाची दिशाभूल झाल्यामुळं आवारात बसण्याचा परवाना रद्द. साहेब सभ्य गृहस्थ, त्यांनी भाषा सौम्य ठेवली होती. 'यू आर हिअरबाय ॲडव्हाइज्ड टु डिसकंटिन्यू.' आपण बसणे बंद करावे, असा आपणास सल्ला देण्यात येत आहे.

तो कागद मीच त्यांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला, आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"एस बराबर हाय," ते म्हणाले.

"अप्पा, मी आत जाऊन खरं सांगते."

"काय सांगता? टँकर गेला न्हवं? मग. तुमचा आदेश कवा वाढतो?"

"परवा."

"मग परवापतूर गप बसा. मला उदगीर हाय, भाऊ हायेत, लेक हाय. तुमाला कोन हाय हितं?"

असं म्हणून त्यांनी टाइपरायटरवर कागद चढवला. मला वाटलं, अर्ज करताहेत. त्यांनी साहेबांना आभाराचं पत्र लिहिलं. आपण दिलेल्या बहुमोल सल्ल्याबद्दल मी ऋणी आहे, तो माझ्या डोक्यावर आणि डोळ्यांवर आहे. सीपाशी बोट थांबलं, हवेत राहिलं, खाली आलं. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाले, "घ्या. नंबर टाका." मी ते आधी पुरतं वाचलं. पुरता वाचून नंबर टाकलेला तो माझ्या नोकरीतला पहिला कागद.

टाइपरायटर सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधला, पेटी हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून ते स्टँडकडं चालत गेले. साहेबांनी या पत्रावरही शेरा मारला. दप्तरी दाखल.

आठ दिवसांनी शेवंताबाई आली. टँकर एक दिवसाआड येत होता. ती चिंचेखाली थोडा वेळ उभी राहिली आणि मग माझ्याकडं आली. "ते कुटं हायेत? आता आभाराचा कागद द्यायचा हाय न्हवं?" मी म्हटलं, कागद आधीच पोचला आहे. ती म्हणाली, "मग बरं झालं." आणि पदरात बांधून आणलेल्या शेंगा माझ्या टेबलावर ओतून गेली. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

माझा आदेश वाढला. नंतर मी कायम झाले. पुढं नांदेड जिल्ह्यात बदली झाली, उमरीला आठ वर्षं काढली. नवीन कारकून आला की मी त्याला सांगायची, नंबर टाकायच्या आधी कागद पुरा वाच. त्यांना ते माझंच वाक्य वाटायचं. मी दुरुस्त करत नसे.

उदगीर उमरीपासून काही फार लांब नव्हतं. जायचं जायचं म्हणत गेले नाही. जाऊन काय बोलणार होते, हेच ठरत नव्हतं. शेवटी सोळा-सतरा वर्षांनी एका दुपारी कार्यालयातल्या टाइपरायटरवर अप्पांना पत्र लिहिलं. मराठी ते चाचपडत वाचत, म्हणून इंग्रजीत लिहिलं. टाचणी मी मारली होती, हे लिहिलं. आत बोलले नाही, हे लिहिलं. आणि तुमच्या सल्ल्याबद्दल आभारी आहे, हेही. त्यांच्या भावांच्या आडतीचा पत्ता घातला.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. त्यावर पोस्टमननं लाल पेनानं लिहिलं होतं, 'मालक मयत, सबब परत.'

पाठवणाऱ्याचा पत्ता कार्यालयाचा होता, त्यामुळं पाकीट इतर टपालाबरोबर बारनिशीतच आलं. मी ते उघडलं आणि पत्र पुरतं वाचलं. आभाराच्या ओळीत सल्ल्याच्या शब्दात मी एस टाइप केला होता.

अप्पांना खाडाखोड खपत नसे. एक अक्षर चुकलं तरी ते कागद उतरवून दुसरा चढवत. मीही दुसरा कागद चढवला आणि सबंध पत्र पुन्हा टाइप केलं, सी घालून. ते पाठवायला पत्ता नव्हता. मग मी शिक्का मारला, बारनिशी ओढली, नंबर टाकला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सल्ला मिळाला.' साहेबांच्या त्या जुन्या शेऱ्यातले पुढचे दोन शब्द लिहिले नाहीत. ते खोटे झाले असते.